झाडीच्या जमिनीवर ऐकण्यासाठी लांब तारेचा अँटेना कसा उभारावा

१६० आणि ८० मीटर बँडवर (म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या रेडिओ पट्ट्यांवर) दूरची हॅम, म्हणजे हौशी रेडिओची, केंद्रे ऐकू येत नाहीत, तेव्हा सिग्नल क्षीण असण्यापेक्षा त्याच्या भोवतीचा गोंगाट मोठा असणे हेच बहुधा खरे कारण असते. प्रक्षेपणासाठी उभारलेला उभा अँटेना सर्व दिशांकडून येणारे सिग्नल घेतो आणि त्यांच्यासोबत सर्व दिशांचा गोंगाटही घेतो. म्हणून या बँडवर गांभीर्याने काम करणारे हॅम ऐकण्यासाठी वेगळा, एकाच दिशेला कान देणारा अँटेना वापरतात. अशा अँटेनांमध्ये सर्वांत साधा आणि तरीही सर्वांत भरवशाचा आहे तो बेव्हरेज अँटेना, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवरून सरळ रेषेत नेलेली, शे-दोनशे मीटर लांबीची एकच तार.

अमेरिकन अभियंता हॅरोल्ड बेव्हरेज यांना या अँटेनाचे अमेरिकन पेटंट १९२१ साली मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकन हौशी रेडिओतज्ज्ञ पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे सुमारे ४०० मीटर लांबीची अशी तार टाकून अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे संदेश टिपले. त्यांत कनेक्टिकटमधील १बीसीजी हे केंद्रही होते.

हा अँटेना कसा काम करतो हे समजले, तर उभारणीतील बहुतेक निर्णय आपोआप सुचतात. उभ्या ध्रुवीकरणाची (जिचे विद्युत क्षेत्र उभे असते अशी) रेडिओ लहर जमिनीलगत पुढे सरकत असताना जमिनीतील विद्युत रोधामुळे ती किंचित पुढे झुकते. या झुकण्यामुळे तिच्या विद्युत क्षेत्राचा एक लहानसा आडवा घटक तयार होतो आणि तो तारेत विद्युत प्रवाह निर्माण करतो. लहर आणि तारेतला प्रवाह जवळजवळ सारख्याच वेगाने पुढे जात असल्यामुळे तारेच्या प्रत्येक मीटरगणिक प्रवाह वाढत जातो आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून रिसीव्हरकडे जातो. उलट दिशेने आलेल्या लहरीचा प्रवाह टर्मिनेशन रेझिस्टरच्या (तारेचे टोक आणि जमीन यांमध्ये जोडलेल्या रोधकाच्या) टोकाला पोहोचतो आणि तिथे उष्णतेच्या रूपात जिरून जातो. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की अँटेना टर्मिनेशनच्या बाजूला ‘पाहतो’, म्हणजेच ज्या दिशेचे ऐकायचे त्या दिशेला रेझिस्टर आणि विरुद्ध टोकाला केबल असावी लागते. दुसरी अशी की खडकाळ, कोरडी, विद्युतदृष्ट्या ‘वाईट’ मानली जाणारी जमीन या अँटेनाला मानवते, तर खाऱ्या पाण्यावर तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

झाडी ही अडचण आहे असे समजून अनेकजण या अँटेनाच्या वाटेला जात नाहीत, याची खंत वाटते. १.८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १६५ मीटर असते, त्यामुळे एखाद्या खोडाची जाडी लहरीच्या दृष्टीने नगण्यच म्हणावी लागेल. उलट झाडे फुकटचे खांब पुरवतात, आणि वनजमीन सहसा घरांतील वीज उपकरणांच्या गोंगाटापासून दूर असते, हा तिचा सर्वांत मोठा लाभ होय. झाडीतली खरी अडचण यांत्रिक आहे. झाडे हलतात, वाढतात, फांद्या टाकतात आणि कधीकधी स्वतःच कोसळतात. त्यामुळे तार ताणून, घट्ट बांधून झाडांशी झुंज घेण्यापेक्षा तिला सरकायला, झुलायला आणि वेळप्रसंगी खाली पडायला मोकळीक देणे, हेच या कामाचे मुख्य सूत्र मानावे.

दिशा ठरवणे आणि मार्ग आखणे

प्रथम कोणत्या प्रदेशाचे ऐकायचे ते ठरवावे आणि आपल्या ठिकाणापासून त्या प्रदेशाचा महावृत्तीय दिशाकोन (पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाची दिशा) काढावा. आपले ठिकाण मध्यभागी ठेवून काढलेल्या दिगंशी नकाशावर तो थेट वाचता येतो. नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली दिशा लांबच्या प्रदेशांसाठी फार चुकीची निघू शकते. होकायंत्र वापरत असाल, तर चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील आपल्या भागातला फरक लक्षात घ्यावा. तथापि अंशाअंशाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण एक तरंगलांबीच्या तारेचा झोतही (ती ज्या दिशापट्ट्यातून ऐकते तो) बराच रुंद असतो आणि पाच अंशांची चूक कानाला जाणवत नाही. त्यामुळे अवाढव्य खडक, दलदल किंवा दुसऱ्याची हद्द टाळण्यासाठी दिशा थोडी फिरवावी लागली, तर ती निःसंकोच फिरवावी.

जमीन आपली नसेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि तार कुठून जाणार आहे हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. पाहणीसाठी पानगळीचा काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण तेव्हा लांबवर दिसते आणि सुकलेल्या फांद्याही ओळखता येतात. दोघांनी मिळून जावे. एकाने होकायंत्र घेऊन मागे थांबावे, दुसऱ्याने पुढे जाऊन त्याच्या इशाऱ्याप्रमाणे रंगीत फीत बांधावी, मग पहिल्याने त्या फितीपाशी येऊन पुढची रेषा द्यावी. या पहिल्या फेरीत काहीही तोडू नये. पूर्ण रेषा एकदा डोळ्यांखालून गेल्यावर बहुधा असे दिसते की दहा मीटर बाजूला सरकवली तर निम्मी छाटणी वाचते.

रेषेच्या दोन्ही बाजूंना वाळलेली किंवा कलंडलेली झाडे कोणती आहेत, ते याच फेरीत टिपून ठेवावे. वाळलेल्या झाडाला कधीही आधार बांधू नये आणि त्याच्या खाली उभे राहून हातोडा चालवू नये. विजेच्या वाहिन्यांपासून तार शक्य तितकी दूर असावी. वाहिनी ओलांडणे किंवा तिच्या खालून जाणे पूर्णतः वर्ज्य समजावे, कारण तुटलेली तार उडून वाहिनीला लागली तर जीव जाऊ शकतो, आणि तसे घडले नाही तरी वाहिनीचा गोंगाट अँटेनाचा सारा उपयोग संपवतो. प्रक्षेपण अँटेनापासूनही अंतर ठेवावे. त्याच्याकडून पुन्हा उत्सर्जित होणारा गोंगाट तारेत शिरतो आणि प्रक्षेपणाच्या वेळी तारेत येणारा विद्युतदाब रिसीव्हरचा पुढचा भाग जाळू शकतो. दोन्ही अँटेना जवळ असतीलच, तर प्रक्षेपणाच्या वेळी ऐकण्याची केबल रिसीव्हरपासून तोडून जमिनीला जोडणारा रिले (विजेने चालणारा स्विच) बसवणे अनिवार्य आहे.

लांबी आणि उंची

१६० मीटर बँडसाठी साधारण ९०, १८० किंवा २७० मीटर या लांबी प्रचलित आहेत. ९० मीटरची तारही ऐकण्यात स्पष्ट सुधारणा करते. १८० मीटरची तार १६० आणि ८० मीटर या दोन्ही बँडवर उत्तम चालते, आणि जागा असेल तर माझी शिफारस तीच आहे. तार जितकी लांब तितका झोत अरुंद होत जातो. मात्र तारेतल्या प्रवाहाचा वेग हवेतल्या लहरीपेक्षा किंचित कमी असल्यामुळे फार लांब तारेत दोन्हींचा मेळ सुटतो. दोन तरंगलांबींच्या पलीकडे जाण्यात साध्या केंद्राला फारसा लाभ नाही.

उंची अडीच ते तीन मीटर ठेवावी. त्या उंचीवर माणसे आणि मोठी जनावरे खालून सुखरूप जातात, लहान घडीच्या शिडीवरून काम करता येते, आणि टोकांना खाली उतरणाऱ्या उभ्या तुकड्यांची लांबीही मर्यादित राहते. हे उभे तुकडे सर्व दिशांकडून सिग्नल घेतात, म्हणून उंची वाढवून काही मिळवण्यापेक्षा गमावण्याचा संभव अधिक असतो. जमीन हळूहळू चढत-उतरत असेल तर तारही तिच्यासोबत जाऊ द्यावी. अरुंद ओहोळ किंवा घळ आली, तर मात्र तार तळापर्यंत न उतरवता एका काठावरून दुसऱ्या काठावर सरळ न्यावी.

तार आणि झाडांवरचे आधार

खुल्या मैदानात उघडी तार चालते. झाडीत मात्र ओली पाने आणि डहाळ्या तारेला सतत टेकत असतात, म्हणून आवरण असलेली तार घ्यावी. विद्युतदृष्ट्या साधी तांब्याची तारही पुरते, पण फांद्यांचा मार सहन करण्यासाठी तांब्याचा मुलामा असलेली पोलादी तार सरस ठरते. १.६ मिलिमीटर व्यासाची अशी तार, आवरण न धरता, मीटरला सुमारे १६ ग्रॅम भरते. २५ मीटर अंतरावरच्या दोन आधारांमध्ये ती ५ किलोच्या ताणावर जेमतेम पाव मीटर झोळ घेते. एवढा झोळ कोणत्याही दृष्टीने अपायकारक नाही. यावरून ताण किती थोडा पुरतो हे लक्षात यावे. तार तंबोऱ्यासारखी ताणली की पहिल्याच वादळात ती तुटते.

आधारांसाठी विजेच्या कुंपणासाठी मिळणारे कडीचे इन्सुलेटर वापरावेत. त्यांतही काळ्या रंगाचे, सूर्यप्रकाशाला टिकणारे निवडावेत. दर १५ ते २५ मीटरवर एक आधार पुरे. तार कडीतून केवळ ओवावी, कुठेही पीळ किंवा गाठ देऊ नये, कारण एखादी फांदी तारेवर पडली की तिला दोन्ही बाजूंची ढील आपल्याकडे ओढून घेता आली पाहिजे. अशी मोकळी तार फांदीच्या वजनाने जमिनीपर्यंत खाली येते, फांदी उचलली की पुन्हा वर जाते, आणि तुटत नाही. प्रत्येक झाडाला बांधलेली तार मात्र त्याच फांदीखाली हमखास तुटते आणि सोबत दोन-चार इन्सुलेटरही उखडून नेते.

तार कधीही खोडाभोवती गुंडाळू नये. झाड वाढते तसा तो वेढा सालीत रुततो, आणि सालीलगतचा अन्नवाहक थर तुटला की त्या वरचा भाग किंवा पूर्ण झाड मरते. त्यापेक्षा एक खिळा किंवा स्क्रू झाडाला कितीतरी कमी इजा करतो. तो पूर्ण आत न ठोकता डोक्याखाली बोटभर जागा सोडावी, म्हणजे खोड जाड होत गेले तरी इन्सुलेटर गिळला जाण्यास काही वर्षे लागतील. पुढेमागे ती झाडे करवतीखाली जाणार असतील, तर अॅल्युमिनियमचे खिळे वापरावेत, कारण मऊ धातूमुळे करवतीचे पाते फुटण्याचा धोका खूप कमी होतो. जमीनमालकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची असते आणि आपण ती स्वतःहून सांगितली तर परवानगी मिळणेही सोपे जाते.

झाडे एका रेषेत वाढत नाहीत, म्हणून तारेला थोडे नागमोडी जावे लागणारच. मधल्या रेषेपासून दोन-तीन मीटर इकडेतिकडे झाल्याने ऐकण्यात फरक पडत नाही. मात्र एकाच झाडावर तीव्र वळण येऊ देऊ नये, कारण तिथे घर्षणामुळे तार सरकणे थांबते आणि वर सांगितलेला सगळा लाभ जातो. वाऱ्यात जास्त झुलणारी कोवळी झाडे सोडून जाड बुंध्याची झाडे निवडावीत. अडीच मीटर उंचीवर जाड खोड जवळजवळ स्थिरच असते.

तारेचे एक टोक पक्क्या खांबाला किंवा मजबूत झाडाला इन्सुलेटर आणि दोरीने बांधावे. दुसऱ्या टोकाला दोरी कप्पीवरून नेऊन तिला ४-५ किलोचे वजन टांगावे, म्हणजे ताण आपोआप राखला जातो. वजनाच्या टोकाला खाली उतरणाऱ्या जोडणीत ढिलाईचा एक मोठा वळसा ठेवायला विसरू नये, अन्यथा तार सरकली की पहिला झटका थेट ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला बसेल.

दोन टोके

बेव्हरेजचा दर्जा मधल्या तारेपेक्षा टोकांवर अधिक ठरतो, म्हणून या भागाला वेळ द्यावा. जमिनीवरच्या एका तारेचा अंगभूत रोध काढण्याचे सूत्र असे आहे: तारेच्या उंचीची चौपट भागिले तारेचा व्यास, या भागाकाराचा १० या पायाचा लॉगॅरिदम काढून त्याला १३८ ने गुणावे. अडीच मीटर उंची आणि २ मिलिमीटर व्यास धरला तर उत्तर सुमारे ५१० ओहम येते. व्यवहारात ४०० ते ६०० ओहमच्या आतच सर्व तारा बसतात. टर्मिनेशनसाठी दोन वॅट क्षमतेचे, १,००० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडावेत. त्यांचा संयुक्त रोध ५०० ओहम होतो आणि एक जळाला तरी दुसरा काम चालू ठेवतो. रेझिस्टर कार्बन कंपोझिशन किंवा मेटल ऑक्साइड प्रकारचे असावेत. तार गुंडाळून केलेले रेझिस्टर इंडक्टन्समुळे इथे चालत नाहीत.

अर्थिंगसाठी दोन्ही टोकांना सव्वा ते दीड मीटर लांबीचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोकावा. वनजमिनीत मुळे आणि खडक यांमुळे तो पूर्ण आत जात नाही असे वारंवार घडते. अशा वेळी दोन-तीन आखूड रॉड परस्परांपासून निदान स्वतःच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून एकत्र जोडावेत, किंवा १० ते २० मीटर लांबीच्या चार आवरणयुक्त तारा जमिनीवर पसरून पालापाचोळ्याखाली दाबाव्यात. या तारा अँटेनाच्या रेषेखाली न पसरता तिच्याशी काटकोनात दोन्ही बाजूंना न्याव्यात, नाहीतर त्या स्वतःच सिग्नलचा वाटा उचलू लागतात.

केबलच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर घरी सहज गुंडाळता येतो. बीएन-७३-२०२ हा दोन छिद्रांचा फेराइट गाभा घ्यावा. दोन्ही छिद्रांतून तार एकदा जाऊन परत आली की एक वेढा होतो. ५० ओहमच्या केबलसाठी केबलच्या बाजूला २ आणि अँटेनाच्या बाजूला ६ वेढे द्यावेत. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे रोधाचे गुणोत्तर, म्हणून इथे ९ ला १ असे प्रमाण मिळते आणि ४५० ओहमचे ५० होतात. ७५ ओहमच्या केबलसाठी २ आणि ५ वेढे योग्य आहेत. त्यात सुमारे ४७० ओहमचे ७५ होतात. दोन्ही वेटोळी विद्युतदृष्ट्या पूर्ण वेगळी ठेवावीत. अँटेनाच्या वेटोळ्याचे एक टोक तारेला आणि दुसरे अर्थिंग रॉडला जोडावे. केबलच्या बाह्य जाळीला या रॉडपाशी जोडू नये. तिच्यासाठी काही मीटर अंतरावर स्वतंत्र रॉड ठोकावा. ट्रान्सफॉर्मर आणि रेझिस्टर झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावेत आणि डब्याच्या तळाला बारीक छिद्र पाडावे, कारण कितीही बंद केलेल्या डब्यात रात्रीच्या गारव्याने पाणी साचतेच आणि त्याला बाहेर जाण्याची वाट लागते. छिद्र इतके बारीक असावे की गांधीलमाश्यांना आत घर करता येऊ नये.

केबल आणि तिचा आगंतुक गोंगाट

केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी ७५ ओहमची आरजी-६ केबल या कामाला उत्तम आहे. १.८ मेगाहर्ट्झला तिच्यातला व्यय इतका अल्प असतो की दोनशे मीटर केबलही चालून जाते. ती जमिनीवर, पालापाचोळ्याखाली टाकावी. पुरायची असेल तर आत पाणी शिरू न देणाऱ्या जेलची केबल घ्यावी. उंदीर-खारींचा उपद्रव असलेल्या भागात ती नळीतून नेणे शहाणपणाचे ठरते.

केबलच्या बाह्य जाळीवर घरातला गोंगाट चढतो आणि ती जाळी स्वतःच अँटेना बनते, हे बेव्हरेज ‘गोंगाट करतो’ या तक्रारीमागचे नेहमीचे कारण आहे. त्यावर उपाय म्हणून ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर बारीक कोॲक्स केबलचे आठ-दहा वेढे देऊन चोक (जाळीवरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) करावा आणि तो अँटेनाच्या टोकापासून थोड्या अंतरावर, जाळीच्या स्वतंत्र रॉडपाशी बसवावा.

याची परीक्षा सोपी आहे. ट्रान्सफॉर्मरपासून अँटेनाची तार आणि अर्थिंग सोडवून त्या जागी ४७० ओहमचा रेझिस्टर लावावा आणि घरी येऊन रिसीव्हर ऐकावा. बँड जवळजवळ मुका झाला पाहिजे. केंद्रे अजूनही ऐकू येत असतील, तर ती केबलच ऐकवते आहे असे समजावे आणि पुढची कोणतीही सुधारणा करण्याआधी हा दोष दूर करावा.

चालू करण्यापूर्वीची तपासणी

तार, दोन्ही अर्थिंग आणि टर्मिनेशन जोडून झाल्यावर ट्रान्सफॉर्मरपासून सोडवलेल्या तारेच्या टोकाचा आणि तिथल्या रॉडचा मिळून रोध ओहममापकाने मोजावा. तो टर्मिनेशनच्या ५०० ओहमपेक्षा जमिनीच्या रोधाएवढा जास्त येतो. जमिनीतल्या नैसर्गिक विद्युतदाबामुळे आकडा थोडा फसवा असतो, म्हणून मापकाची टोके उलटवून दुसऱ्यांदा मोजावे आणि सरासरी घ्यावी. हा आकडा लिहून डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा. पुढे कधी आकडा अनंत आला तर तार तुटली किंवा दोन्ही रेझिस्टर जळाले, सुमारे ५०० ओहमने वाढला तर एक रेझिस्टर गेला, आणि फारच कमी आला तर तार उघडी पडून कुठेतरी जमिनीला टेकली, असे निदान पूर्ण रेषेवरून न चालता करता येते.

अँटेना विश्लेषक हाताशी असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या केबलकडच्या बाजूला तो जोडून १ ते १० मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे रोध किती जुळला याचे माप) पाहावा. आलेख जागोजागी वरखाली हेलकावत असेल तर टर्मिनेशन जुळलेले नाही. रेझिस्टरची किंमत थोडी कमी-जास्त करून हेलकावे सर्वांत लहान होतील अशी किंमत कायम करावी. एसडब्ल्यूआर किती कमी आला याला इथे महत्त्व नाही. तो किती सपाट आहे, ते पाहावे.

शेवटची परीक्षा कानाची. दिवसा मध्यम लहरींच्या वरच्या टोकाला, अँटेनाच्या पाठीमागच्या दिशेला असलेले प्रसारण केंद्र निवडावे आणि त्याचा सिग्नल बेव्हरेजवर व प्रक्षेपण अँटेनावर आळीपाळीने ऐकावा. समोरच्या दिशेच्या केंद्राच्या तुलनेत ते बेव्हरेजवर लक्षणीय दबलेले असले पाहिजे. एस-मीटरवरचे (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावरचे) आकडे बेव्हरेजवर बरेच कमी दिसतील, कारण या अँटेनाची लब्धी (गेन) फार थोडी असते. त्यामुळे निराश होऊन लगेच प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) लावू नये. बँडचा गोंगाट अँटेना जोडल्यावर स्पष्ट वाढतो आहे ना, एवढेच पाहावे. वाढत असेल तर प्रवर्धक केवळ गोंगाट आणि सिग्नल दोन्ही सारखेच मोठे करील.

देखभाल

वीजवादळाची शक्यता असेल तेव्हा केबल घरापासून सोडवून ठेवावी. तारेवर थेट वीज पडली नाही तरी जवळपास पडलेल्या विजेने रेझिस्टर जळतात, म्हणून दर वादळानंतर ओहममापकाचा तो एक आकडा तपासण्याची सवय ठेवावी. पानगळीत एकदा पूर्ण रेषेवरून चालत जावे. कड्यांत अडकलेल्या डहाळ्या काढाव्यात, तार प्रत्येक कडीतून हाताने सरकवून पाहावी, खोडात रुतू लागलेले खिळे बाहेर ओढून घ्यावेत आणि तारेवर बांधलेल्या रंगीत फिती फिकट झाल्या असतील तर बदलाव्यात, कारण झुडपांतून येणाऱ्या माणसाला तार वेळेत दिसणे आवश्यक असते. या फेरीत डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. तुटलेली तार जोडताना नुसता पीळ न देता पितळी स्क्रूचा जोड किंवा दाबून बसवायची नळी वापरावी, कारण पीळ दिलेला सांधा पावसाने गंजतो आणि त्यातून येणारी खरखर शोधायला पूर्ण रेषा पालथी घालावी लागते.

पुढे दुसऱ्या दिशेसाठी आणखी एक तार टाकली आणि ती पहिलीला छेदून जात असेल, तर छेद शक्यतो काटकोनात आणि दोन तारांमध्ये निदान ३० सेंटिमीटरचे अंतर ठेवून द्यावा. दोन्हींची केबलकडची टोके एकाच जागी आणता आली, तर एका डब्यातल्या रिलेने दिशा बदलता येते आणि घरापर्यंत एकच केबल पुरते. मात्र त्या डब्यापाशी दोन्ही तारांचे अर्थिंग रॉड काही मीटरच्या अंतराने वेगवेगळे ठोकावेत, म्हणजे एकीचा प्रवाह सामाईक अर्थिंगमधून दुसरीत शिरणार नाही.